कोणत्या पाटीवर वाचावं?

‘पुस्तकं वाचायला टॅब घेऊ की किंडल?’ असं कुणी विचारलं की उत्तर बहुधा पडद्याबद्दल मिळतं. किंडलसारखा ई-रीडर डोळ्यांना बरा, टॅब त्रासदायक. टॅबवर सिनेमा दिसतो, ई-रीडरवर दिसत नाही. यात चूक काही नाही, पण हे उत्तर इंग्रजी वाचकाच्या सोयीचं आहे. इंग्रजीतली बहुतेक नवी पुस्तकं ई-रीडरवर चालतील अशा रूपात येतात, त्यामुळे त्या वाचकाला फक्त यंत्र निवडायचं असतं. मराठी वाचकाला हवं असलेलं पुस्तक कधी किंडलवर सापडतं, कधी एखाद्या विक्रेत्याच्या ॲपमध्ये, कधी फुकटच्या पीडीएफमध्ये, आणि पुष्कळदा फक्त कागदावर. म्हणून या प्रकरणात यंत्राकडे उलट्या बाजूने जाऊ. वाचक कुठे बसून वाचतो आणि त्याची पुस्तकं कोणत्या रूपात मिळतात, हे आधी पाहू.

त्यासाठी वसई-विरारचा पट्टा सोयीचा आहे. रोज लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, वाडीतल्या घरात राहणारे निवृत्त गुरुजी आणि नालासोपाऱ्यात एका खोलीत संसार मांडलेलं तरुण जोडपं, असे चार तऱ्हांचे वाचक इथे एकाच महापालिकेच्या हद्दीत भेटतात. चौघांसाठी एकच उत्तर निघत नाही.

दोन पडदे

टॅबच्या पडद्यामागे दिवा असतो. त्याचा उजेड रंगीत ठिपक्यांतून गाळून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. ओएलईडी प्रकारात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. पान स्थिर असलं तरी बहुतेक टॅब हे चित्र सेकंदाला निदान ६० वेळा नव्याने रंगवतात. सिनेमा, नकाशा, मुलांचा ऑनलाइन तास हे सगळं टॅबवर चालतं ते यामुळेच, आणि आठ-दहा तासांत बॅटरी रिकामी होते तीही यामुळेच.

ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो, आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोन्ही कणांवर एकमेकांविरुद्ध विद्युतभार असतो. खालच्या थरातून विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. दाब काढून घेतला तरी कण जागचे हलत नाहीत. त्यामुळे वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. पान वाचत असताना जवळजवळ काहीच खर्च होत नाही. एकदा चार्ज केलेला ई-रीडर कित्येक आठवडे चालतो त्याचं गमक हे.

कणांची ही इलेक्ट्रॉनिक शाई अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जन्मली. तिच्यासाठी ‘ई-इंक’ ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली. २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये ‘लिब्रिए’ नावाचा ई-रीडर बाजारात आणला. १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनचा पहिला किंडल ३९९ डॉलरला आला आणि साडेपाच तासांत संपला. २०१० मध्ये आयपॅड आला, आणि टॅब की ई-रीडर हा प्रश्न घरोघर पोचला. सुरुवातीच्या किंडलला स्वतःचा उजेड नव्हता; अंधारात वाचायचं तर दिवा लावावा लागे. २०१२ च्या किंडल पेपरव्हाइटमध्ये पडद्याच्या कडेला बारीक एलईडी आले. त्यांचा उजेड पडद्यावर आडवा पसरतो आणि कणांवरून परतून डोळ्यांत येतो, म्हणजे कागदावर दिव्याचा उजेड पडावा तसाच.

या पडद्याची दुखणीही त्याच्या घडणीतूनच आली आहेत. कण द्रवातून सरकायला वेळ घेतात, म्हणून पान उलटताना पडदा क्षणभर लुकलुकतो आणि आधीच्या पानाची पुसट छाया कधीकधी मागे राहते. चित्रफीत चालत नाही, नकाशा सरकवताना जीव जातो. रंगीत ई-इंक आता मिळते, पण तिच्या प्रचलित प्रकारात काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटत असली तरी रंग १५० ठिपक्यांनीच उमटतात, आणि तेही फिकट.

साठ किलोमीटरांची वाचनखोली

चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ मध्ये आली. आज जलद लोकलनेही एका बाजूचा प्रवास सव्वा तासाच्या पुढे जातो. जाऊन-येऊन रोज अडीच-तीन तास वाचकाच्या हाताशी असतात. अडचण वेळेची नाही, हाताची आहे.

गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, आणि रेल्वेच्या भाषेत या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव आहे. वरच्या कडीला एक हात गुंतलेला, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि पान उलटायला तिसरा हात कुठून आणायचा? इथे वजनाचा हिशेब येतो. सहा इंची साधा किंडल १५८ ग्रॅमचा आहे, सात इंची पेपरव्हाइट २११ ग्रॅमचा. दहा-अकरा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास जातो. ई-रीडर एका तळव्यात मावतो आणि अंगठ्याने पान उलटता येतं. टॅब उभ्याने पाच मिनिटं धरला तरी मनगट भरून येतं, आणि दाराजवळ तो हातात धरून उभं राहणं म्हणजे चोराला आमंत्रणच.

नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे मोठे मराठी लेखक होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे एकेकाळचे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांचं ‘सुबोध बायबल’ जाडजूड आहे. असा ग्रंथ घरी टेबलावर ठेवून वाचावा. सकाळी सातच्या लोकलमध्ये तो उघडण्याचा विचारही कुणी करणार नाही. जाडीचा आणि वजनाचा संबंध तोडणं हा ई-रीडरचा पहिला मोठा उपकार आहे.

दुसरा उपकार उजेडाचा. नायगाव सुटून गाडी भाईंदरच्या खाडीवर आली की दोन्ही बाजूंनी उघडं ऊन डब्यात शिरतं. टॅबच्या काचेत तेव्हा अक्षरांऐवजी खिडकी आणि शेजाऱ्याचा चेहरा दिसू लागतो. ई-इंकचा पडदा मात्र कागदासारखा उन्हात जास्तच स्पष्ट होतो. अर्नाळ्याच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर दुपारी वाचायचं असेल तर टॅबचा विचारही नको.

गाडीतली गैरसोयही सांगायला हवी. ई-इंकच्या पडद्याखाली बहुधा पातळ काचेचा थर असतो, आणि तो दाबाला फार नाजूक. वसई-नालासोपाऱ्याची माणसं बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटी विरारला जातात आणि मग तिथून परतीच्या गाडीत बसतात. तरीही चौथ्या सीटवर बसलेल्याच्या मांडीवरची बॅग चेपली जातेच. बाहेरून ओरखडासुद्धा नसताना आतून अर्धा पडदा कायमचा गोठलेला, हा ई-रीडरचा नेहमीचा अंत आहे. कडक पाठीचं आवरण यंत्रासोबतच घ्यावं. पावसाचंही तसंच. पेपरव्हाइट २०१८ पासून पाण्याला तोंड देऊ शकतो, साधा किंडल देऊ शकत नाही. १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं आणि वडोदरा एक्सप्रेसमधल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं, तो दिवस ज्यांना आठवतो त्यांना या फरकाची किंमत वेगळी सांगायला नको.

वाहता मजकूर आणि गोठलेलं पान

आता मुख्य मुद्दा. ई-पुस्तक दोन रूपांत येतं. एक, वाहता मजकूर. त्यात अक्षरं अक्षरं म्हणूनच साठवलेली असतात; आकार वाढवला की ओळी आपोआप नव्याने जुळतात आणि पान पडद्याएवढं होतं. ईपब आणि किंडलची पुस्तकं या जातीची. दुसरं, गोठलेलं पान. पीडीएफमध्ये पानाची मांडणी छापल्यासारखी कायम राहते, आणि स्कॅन केलेलं जुनं पुस्तक तर निव्वळ पानांच्या छायाचित्रांची चळत असते. आकार वाढवला की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो.

आपलं नेहमीचं डेमी आकाराचं पुस्तक साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं. सहा इंची ई-रीडरचा पडदा ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. आख्खं पान त्यात बसवलं की ते निम्म्याहून थोडंच मोठं राहतं. १२ पॉइंटचं अक्षर सात पॉइंटच्याही खाली उतरतं. रोमन लिपी एवढ्या आकारात कशीबशी वाचता येईल. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. सात पॉइंटमध्ये ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक अंदाजाने ओळखावा लागतो. उलट १०.४ इंची, १६:१० प्रमाणाचा टॅब उभा धरला तर त्याचा पडदा साडेपाच इंच रुंद आणि पावणेनऊ इंचांहून थोडा उंच भरतो, म्हणजे जवळजवळ नेमकं डेमीचं पान. पीडीएफ त्यावर छापील पुस्तकाच्या मूळ मापात उघडते.

मग मराठीत गोठलेली पानं एवढी जास्त का? कारण आपल्या अक्षरजुळणीच्या इतिहासात आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी पुस्तकं त्यानंतरही अनेक वर्षं पेजमेकरसारख्या प्रणालींत जुळवली गेली, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखे फॉन्ट तेव्हा गावोगावच्या डीटीपी केंद्रांत होते. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. छापून आलेलं पान सुबक दिसे, पण तोच मजकूर उचलून दुसरीकडे नेला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ हाती येई. असं पुस्तक ई-रीडरसाठी तयार करायचं तर आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागतो, मग प्रत्येक जोडाक्षर तपासावं लागतं. पीडीएफ काढायला मात्र एक बटण पुरतं. त्यामुळे छापखान्याकडे पाठवलेली पीडीएफ हीच अनेक पुस्तकांची एकमेव डिजिटल प्रत उरली.

आता आपली पुस्तकं कुठे मिळतात ते पाहू. किंडलने २०१६ च्या अखेरीस मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं विकायला घेतली. ही पुस्तकं बहुतांशी वाहत्या मजकुराची आहेत आणि ई-रीडरवर छान दिसतात. पुण्याच्या बुकगंगाकडे मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण तो त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतो. किंडल या यंत्रावर ते ॲप चालत नाही. ई साहित्य प्रतिष्ठान आपली पुस्तकं फुकट वाटतं, आणि ती पीडीएफ असतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, तीही पीडीएफच. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ, मोठ्या पानाची आणि रंगीत. इंटरनेट आर्काइव्हवरची शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं म्हणजे स्कॅन. मराठी विश्वकोश वेबपानांवर आहे. दिवाळी अंकांच्या डिजिटल प्रती पाहाव्यात तर व्यंगचित्रं आणि रंगीत जाहिराती त्यांचा अर्धा जीव असतो, आणि राखाडी पडद्यावर तो जातो.

जुन्या पुस्तकांना मात्र वाहत्या मजकुरात येण्याची वाट मोकळी आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपून पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून कुणालाही छापता-वाटता येते. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, टिळक यांचं लेखन तर केव्हाच मोकळं झालं आहे. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक अशी जुनी पुस्तकं ओळीओळीने तपासून वाहत्या मजकुरात आणत आहेत, आणि तिथून ती ईपब रूपात उतरवून घेता येतात. हे काम वाढेल तसा ई-रीडरचा मराठी उपयोगही वाढेल.

दोन यंत्रांमधला खरा फरक इथे दिसतो. टॅबवर किंडलचं ॲप चालतं, बुकगंगाचं चालतं, पीडीएफ उघडते, विश्वकोश दिसतो. किंडलच्या यंत्रावर किंडलची पुस्तकं आणि आपण स्वतः धाडलेल्या ईपब-पीडीएफ फायली, एवढंच. अँड्रॉइडवर चालणारे दहा इंची ई-इंक टॅब दोन्ही गरजा भागवतात, पण त्यांच्या किमतीत चांगला टॅब घेऊन वर पुस्तकांचं कपाट भरता येईल.

डोळे आणि झोप

पडद्यावर वाचून डोळे शिणतात, याचं मोठं कारण आपण पापण्या कमी वेळा मिटतो आणि नजर एकाच अंतरावर रोखून धरतो. हे दोन्ही ई-रीडरवरही घडतं. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावं, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला दोन्ही यंत्रांना लागू आहे. ई-रीडरचा फायदा आहे तो चकाकी नसण्याचा आणि आसपासच्या उजेडाशी पडदा मिळताजुळता राहण्याचा.

झोपेचा मुद्दा वेगळा. बोस्टनमधल्या संशोधकांनी १२ जणांना सलग पाच संध्याकाळी चार-चार तास, कधी पूर्ण उजेडावर ठेवलेल्या आयपॅडवर आणि कधी छापील पुस्तकातून वाचायला लावलं. आयपॅडवर वाचलेल्या रात्री शरीरातलं मेलॅटोनिन दबलं आणि झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली. ही नोंद २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. माणसं थोडी होती, उजेडही टोकाचा होता. तरी पहाटेची गाडी पकडणाऱ्या माणसाने रात्री अंथरुणात टॅबचा उजेड उतरवावा, एवढं त्यातून नक्की निघतं.

अभ्यासाबाबत कागदाची बाजू अजून भक्कम आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र विचार झाला, त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचं बंधन असताना, पडद्यापेक्षा कागदावर जास्त समजतो असं त्यात दिसलं. कथा-कादंबरीत असा फरक आढळला नाही. म्हणजे परीक्षेचं कागदावर आणि कादंबरी हवी तिथे, हा जुना शहाणपणा आकड्यांनाही मान्य आहे.

विकत घेतलेलं कुणाचं?

विक्रेत्याच्याच ॲपमध्ये किंवा यंत्रात उघडणारं कुलूपबंद ई-पुस्तक विकत घेणं म्हणजे ते वाचण्याची परवानगी घेणं. जुलै २००९ मध्ये हक्कांचा घोळ झाल्यावर ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घेऊन केबलने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली. छापील पुस्तक शेजारच्या काकूंना देता येतं, ग्रंथालयाला भेट देता येतं, मुलीच्या नावे ठेवता येतं. कुलूपबंद ई-पुस्तकाला यातलं काही नीट जमत नाही. जे पुस्तक पुन्हापुन्हा उघडावंसं वाटेल, ते कागदावर घ्यावं किंवा कुलूप नसलेल्या फायलीत ठेवावं.

अर्थात कागदालाही वसईची हवा सोसवत नाही. खाडी, मिठागरं आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या दमटपणात पानं पिवळी पडतात, बुरशी धरते, कसर लागते. नालासोपाऱ्याच्या एका खोलीत कपाट कुठे ठेवायचं हाही प्रश्न असतोच.

घरागणिक निवड

रोज लोकलने जाणारा, कथा-कादंबऱ्या वाचणारा आणि मराठीबरोबर इंग्रजीही वाचणारा नोकरदार ई-रीडरचा पक्का गिऱ्हाईक आहे. सहा ते सात इंचांचा, उजेड असलेला, शक्यतो पाणी सोसणारा. २०२५ मध्ये भारतात आलेला पेपरव्हाइट १६,९९९ रुपयांचा होता. एवढ्या पैशांत छापील पुस्तकं किती येतील हा हिशेब प्रत्येकाने आपल्या वाचनाच्या वेगावरून करावा. महिन्याला एक पुस्तक वाचणाऱ्याला यंत्र परवडायला वर्षं लागतील.

परीक्षेच्या तयारीतली मुलगी बालभारतीची पुस्तकं, शासकीय अहवाल, नकाशे आणि जुन्या प्रश्नपत्रिका वाचते. सगळं पीडीएफ, पुष्कळसं रंगीत. तिला दहा-अकरा इंची साधा टॅब हवा. महत्त्वाची प्रकरणं मात्र छापून घ्यावीत.

गुरुजींच्या बाबतीत नजर ठरवेल. चष्मा लावून मोठं अक्षर वाचता येत असेल आणि पुस्तकं किंडलवर मिळत असतील, तर ई-रीडर हलका पडतो. मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या विकाराने वाचन अवघड झालं असेल तर टॅब घ्यावा, कारण तो मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतो, आणि स्टोरीटेलसारख्या सेवांवर मराठी श्राव्य पुस्तकं २०१७ पासून मिळतात. ई-रीडर या कामी मराठीत फारसा उपयोगाचा नाही.

एका खोलीतल्या जोडप्याने काही नवं घेण्याआधी खिशातला फोन वापरून पाहावा. किंडल आणि बुकगंगा या दोघांची ॲप फुकट आहेत. महिनाभर फोनवर एक पुस्तक पुरं झालं नाही, तर महागड्या पडद्यावरही ते होणार नाही.

दुकानात जाण्याआधी चौघांनीही करावं असं एक काम आहे. येत्या वर्षात वाचायच्या दहा पुस्तकांची नावं लिहावीत आणि प्रत्येकापुढे शोधून नोंदवावं: किंडल, दुसरं ॲप, पीडीएफ की फक्त कागद. सहा-सात नावांपुढे किंडल आलं तर ई-रीडर घ्या. ॲप आणि पीडीएफ मिळून जास्त भरले तर टॅब. आणि मराठी वाचकाच्या यादीत अजूनही वरचेवर होतं तसं ‘फक्त कागद’ हा रकाना सर्वांत मोठा निघाला, तर दोन्ही यंत्रांचे पैसे वाचवावेत, जवळच्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी आणि उरलेल्यात पुस्तकं घ्यावीत.